दुपारचें जाळें

एका निर्मनुष्य घरांतील जेवणाचें मेज. मेजावर एक पेला, एक पाव, आणि पावांत अर्धी रुतलेली सुरी. सुरीला कोणाचा हात लागत नाहीं. तरी ती आपोआप पावांतून निसटते आणि मेजावर पडते. एवढेंच घडतें. किंकाळी नाहीं, वादळ नाहीं, दारामागें लपलेला चोर नाहीं. तरी पाहणाराच्या काळजांत चर्र होतें. ‘मेशेस ऑफ दि आफ्टरनून’ या अवघ्या चौदा मिनिटांच्या मूकपटाच्या आरंभींचें हें दृश्य आहे. १९४३ सालीं अमेरिकेंत, हॉलिवुडच्या अगदीं कुशींत, परंतु तेथील कारखान्यांशीं कसलाहि संबंध न ठेवतां, एका तरुण पतिपत्नीनें हा पट आपल्या राहत्या घरांत तयार केला. नांवाचा अर्थ ‘दुपारचीं जाळीं’ असा करतां येईल.

या सदरांत आपण बहुधा गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटांचा परामर्श घेतों. या पटाला गोष्ट नाहीं असें नाहीं. परंतु ती दोन वाक्यांत संपते. एक स्त्री दुपारीं घरीं येते, खुर्चींत बसल्या बसल्या तिचा डोळा लागतो आणि तिला स्वप्न पडतें. स्वप्न संपतें तेव्हां काय झालेलें असतें, तें शेवटीं पाहूं. ‘पुढें काय झालें?’ हा आपला नेहमींचा प्रश्न येथें फारसा उपयोगीं पडत नाहीं. त्याऐवजीं ‘हें फूल येथें कां?’, ‘किल्लीची सुरी कशी झाली?’ असे प्रश्न विचारीत बसावें लागतें. ज्यांना याचा कंटाळा येतो त्यांना मी दोष देणार नाहीं. पण घरांतील स्त्रीचें मन, एक शब्दहि न उच्चारतां, केवळ घरांतल्याच वस्तूंनीं पडद्यावर उतरविण्याचा इतका नेटका प्रयत्न माझ्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

ही स्त्री म्हणजे माया डेरेन. तीच पटाची कर्ती आणि तीच त्यांतील नायिका. तिचें मूळ नांव एलिनोरा डेरेनकोव्स्की. १९१७ सालीं कीव्ह शहरीं एका ज्यू कुटुंबांत तिचा जन्म झाला, आणि १९२२ सालीं, ती पांच वर्षांची असतां, कुटुंब अमेरिकेस येऊन राहिलें. वडील मनोवैद्य होते; ही गोष्ट पुढें उपयोगीं पडणार आहे म्हणून येथें नोंदवून ठेवतां येईल. मायेनें इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली, कॅथरिन डनहॅम या प्रसिद्ध नर्तिकेच्या मंडळींत चिटणिसाचें काम केलें, आणि त्या मंडळीबरोबर फिरत असतांना लॉस अँजेलिस येथें अलेक्झांडर हॅमिड या चेक चित्रपटकाराशीं तिची गांठ पडली. १९४२ सालीं दोघांचा विवाह झाला. वडिलांच्या मागें आलेल्या पैशांतून तिनें सोळा मिलिमीटरचा एक जुना कॅमेरा विकत घेतला, आणि सुमारें २७५ डॉलरांत पट पुरा केला. हॉलिवुड ओठांच्या लालीवर जेवढा पैसा उधळतें तेवढ्यांत माझे चित्रपट होतात, असें ती पुढें म्हणत असे. ‘माया’ हें नांवहि तिनें याच वर्षीं धारण केलें. भ्रम हा त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. मराठींत आईच्या ओलाव्यालाहि आपण मायाच म्हणतों, हें मात्र तिला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

आतां पटाकडे वळूं. प्रथम एक लांबलचक हात वरून खालीं येतो. पुतळ्याचा असावा असा निर्जीव वाटतो. तो रस्त्यावर एक मोठें फूल ठेवतो आणि नाहींसा होतो. मग एका स्त्रीची सावली येते, तिचा हात फूल उचलतो. वळणावरून कोणी तरी नुकतेंच दिसेनासें झालेलें असतें. ती घराच्या पायऱ्या चढते, दार ठोठावते, दार बंद. ती किल्ली काढते, आणि किल्ली हातांतून निसटून पायरी-पायरीनें उड्या घेत खालीं जाते. इतक्या सावकाश, कीं जणूं तिला खालीं जावयाची घाई नाहीं, केवळ हातीं लागावयाचें नाहीं. शेवटीं ती स्त्री घरांत शिरते. जमिनीवर वर्तमानपत्र, मेजावर पाव व सुरी, जिन्यावर टेलिफोन, त्याचा कानाशीं धरावयाचा भाग खालीं काढून ठेवलेला. माडीवर ग्रामोफोनची तबकडी आपली फिरतेच आहे. ती ग्रामोफोन थांबविते, खालीं येऊन खिडकीजवळच्या आरामखुर्चींत बसते, फूल मांडीवर घेते, आणि डोळे मिटूं लागते.

या सगळ्या भागांत एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांतहि येत नाहीं: आपण या स्त्रीचा चेहरा पाहिलेलाच नसतो. सावली दिसते, हात दिसतो, पाऊल दिसतें, चेहरा नाहीं. १९४३ सालच्या हॉलिवुडांत स्त्री म्हणजे प्रथम चेहरा. दिवे, भुवया, पापण्या, सगळा सरंजाम त्या एका चेहऱ्यासाठीं. त्याच गांवांत बसून मायेनें चेहरा राखून ठेवला, आणि प्रेक्षकाला त्या स्त्रीकडे पाहूं देण्याऐवजीं ती जें पाहते तें पाहावयास लावलें. घराकडे आपण तिच्या नजरेनें पाहतों. मेजावरील सुरी निसटते ती तिच्यासाठीं. परक्या माणसाला तेथें केवळ पाव व सुरी दिसली असती. माझ्या मतें या पटांतील स्त्रीत्व फुलांत किंवा वेषांत नाहीं, प्रथम या नजरेच्या जागेंत आहे.

मग तिच्या मिटणाऱ्या डोळ्याचें मोठें चित्र येतें. येथें जाणकारांना दुसऱ्या एका पटाची आठवण होते. १९२९ सालीं लुई बुन्युएल व साल्वादोर दाली या दोघा स्पॅनिश कलावंतांनीं पॅरिसमध्यें ‘अं श्यँ आंदालू’ नांवाचा एक खळबळजनक पट काढला. त्याच्या आरंभीं एक पुरुष वस्तऱ्यानें एका स्त्रीचा डोळा चिरतो. जुनी दृष्टि फोडून टाका, हा त्याचा रोख. पण चिरला जातो तो डोळा स्त्रीचा, आणि चिरणारा हात पुरुषाचा, हें त्या काळच्या बंडखोरांना खटकलें नाहीं. मायेच्या पटांतील डोळा कोणी फोडीत नाहीं. तो आपण होऊन मिटतो, आणि मिटल्यावरच त्याला खरें दिसूं लागतें. आपला पट त्या अतिवास्तववादी मंडळींच्या पंक्तीस बसविलेला तिला मुळींच रुचत नसे. तिचें म्हणणें योग्यच होतें.

स्वप्नांत तोच रस्ता, तेंच फूल. पण आतां फूल एका काळ्या वस्त्रांनीं झांकलेल्या आकृतीच्या हातीं आहे, आणि तिच्या डोक्यावरून घेतलेल्या काळ्या पदराच्या आंत, चेहऱ्याच्या जागीं, आरसा आहे. ती आकृति सावकाश चालते. स्त्री तिच्या मागें धांवते. तरी अंतर तुटत नाहीं. थकून ती घरांत शिरते. पुन्हां धांवणें, पुन्हां घर, पुन्हां जिना, असे फेरे होत जातात, आणि प्रत्येक फेऱ्यांत घरामध्यें एक स्त्री वाढते: एक खुर्चींत झोंपलेली, एक खिडकींतून पाहणारी, एक खालीं रस्त्यावर धांवणारी. तिघीहि तीच. खिडकीच्या कांचेवर तळवे टेकून बाहेर पाहणाऱ्या मायेचें चित्र आज जगभर छापलें जातें. कांचेंत झाडांचें प्रतिबिंब तिच्या केसांवर पसरलेलें असतें. तें चित्र नुसतें सुंदर म्हणून पाहणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें, कीं ती त्या क्षणीं स्वतःलाच रस्त्यावर धांवतांना पाहत आहे आणि तिला हांक मारूं शकत नाहीं.

त्या आरशाच्या तोंडाविषयीं बरेंच लिहिलें गेलें आहे. कोणी त्याला मृत्यु म्हणतात, कारण पाश्चात्यांत शोकाचा वेष काळा. कोणी नियति म्हणतात. आपल्याकडील फणीकरंड्याच्या पेटींत झांकणाला आंतून आरसा असे, आणि पेटी उघडली कीं स्त्रीला प्रथम स्वतःचा चेहरा दिसे. येथें उलट आहे. एका माणसाचा चेहरा पाहावयास जावें तर तेथें आरसा, आणि त्या आरशांतहि ओळखीचें असें कांहींच उमटत नाहीं. दुसऱ्यांत स्वतःला शोधणाऱ्या माणसाची याहून मोठी फसगत ती कोणती? म्हणून मला ती आकृति मृत्यूची वाटत नाहीं. जिच्या मागें धांवून आपण कोण तें कळेल असें वाटावें, आणि जवळ जावें तों तिला तोंडच नसावें, अशी ती कोणी तरी आहे.

आतां वस्तूंकडे पाहूं. पटाचें मर्म तेथें आहे असें मला वाटतें. सुरी मेजावर होती ती जिन्यावर येते. जिन्यावरचा टेलिफोन बिछान्यावर जातो. पांघरूण उचलावें तों खालीं सुरी. सुरीच्या पात्यांत तिला आपला चेहरा दिसतो. किल्ली हातांत नसते, ती जिभेवरून निघते. एकहि वस्तु अद्भुत नाहीं. राक्षस नाहीं, पंख नाहींत, सगळें घरांतलेंच. फक्त प्रत्येक वस्तु एक जागा सरकलेली आहे. ज्या बाईनें घर चालविलें आहे तिला याची भीति समजावून सांगावी लागणार नाहीं. वस्तु जागच्या जागीं असणें हेंच तिचें राज्य. अंधारांत हात घातला तरी काड्यांची पेटी सांपडली पाहिजे. तें राज्य कोणा शत्रूनें नव्हे, वस्तूंनींच सोडून द्यावें, हें या स्वप्नाचें भय आहे.

येथें मनोविश्लेषक पुढें येतात. फ्रॉइडच्या शिष्यांच्या कोशांत किल्लीला एक अर्थ असतो, सुरीला एक, जिना चढण्याला एक. कोश उघडला कीं पट दहा मिनिटांत सोडवून होतो आणि शिल्लक कांहीं राहत नाहीं. मायेचे वडील मनोवैद्य. ही परिभाषा तिच्या घरांतच वावरत होती, आणि नेमकी म्हणूनच तिला तिचा कंटाळा होता. आपल्या वस्तूंचे अर्थ पटाबाहेरच्या कोशांतून आणूं नका, पटाच्या आंतच शोधा, असा तिचा आग्रह असे. दुसऱ्या कोणी साक्षीदार म्हणून पाहावी अशी घटना हा पट नोंदवीत नाहीं. एखादा क्षुल्लक प्रसंग मन आंतल्या आंत घोळवीत कसा प्राणांतिक करून ठेवतें तें तो दाखवितो, असें तिचें स्वतःचें निवेदन आहे. आणि खरोखरच पाहा: आरंभीं काय घडलें होतें? दार बंद होतें, किल्ली पडली, सुरी सरकली, टेलिफोन खालीं ठेवलेला होता. चार बारीकसारीक गोष्टी. दिवसांत शंभर वेळां घडणाऱ्या. झोंपेंत त्याच चार गोष्टी शस्त्रें होऊन परत येतात.

शेवटच्या फेऱ्यांत तिघी मेजाभोंवतीं बसतात. मध्यें किल्ली. पहिली ती उचलून तळहातावर धरते. किल्ली पुन्हां मेजावर येते. दुसरी उचलते, पुन्हां तेंच. तिसरी हात पुढें करते तों तिचा तळवा काळा आहे, आणि किल्लीची सुरी होते. तिघींपैकीं कोणीहि बोलत नाहीं, भांडत नाहीं. चिठ्ठी टाकून घरांतलें काम वांटून घ्यावें इतक्या शांतपणें हें चालतें. निवड झालेली स्त्री उठते. तिच्या डोळ्यांवर आरशाच्या गोलकांचा चष्मा चढलेला आहे. ही एक कल्पना मला जास्तीची वाटते. काळा तळवा पुरेसा होता. जिना डोलतो आणि ती भिंतीभिंतींवर आदळते तो भागहि कॅमेऱ्याच्या हौसेनें थोडा लांबला आहे.

परंतु त्यानंतरचीं चार पावलें! झोंपलेल्या स्वतःला मारावयास ती खोलींतून निघते. मेजापासून खुर्चीपर्यंत अंतर तें किती? आपल्याला फक्त पाऊल दिसतें. पहिलें वाळूंत पडतें, पाठीमागें समुद्राचा भास, दुसरें गवतांत, तिसरें फरसबंदीवर, चौथें घरांतल्या गालिच्यावर. बारा वर्षांनीं एका पत्रांत मायेनें याचा खुलासा केला. स्वतःचा अंत करण्यासाठीं माणसाला फार लांबून, प्राणिमात्र प्रथम पाण्यांतून बाहेर पडलें तेथपासून, चालत यावें लागतें, असा तिचा भाव होता. शब्दांत हें सांगावयास एखादा अध्याय लागला असता; येथें चार तुकडे एकापुढें एक जोडले आणि काम झालें. चित्रपट ही स्वतंत्र कला आहे कीं नाहीं असा वाद घालणारांनीं हीं चार पावलें पाहावींत.

सुरी उगारली जाते आणि ती जागी होते. पुढें पतीचा चेहरा. ही भूमिका हॅमिडनें स्वतः केली आहे. तो सौम्य आहे. तो टेलिफोन जागेवर ठेवतो, तिला हात देऊन उठवितो, फूल उचलतो. माडीवर जाऊन फूल उशीवर ठेवतो. म्हणजे काळी आकृति जें जें करीत होती तेंच तो प्रेमानें करीत आहे. दाढीच्या आरशांत त्याचा चेहरा दिसतो. ती पडून आहे, तिच्याजवळचें फूल एकाएकीं सुरी होतें, ती सुरी उचलून त्याच्या चेहऱ्यावर फेंकते, आणि चेहरा फुटतो, कारण तोहि आरसाच होता. फुटलेल्या चेहऱ्याच्या भोंकांतून समुद्र दिसतो, आणि कांचांचे तुकडे वाळूवर, लाटांत पडतात. यांत पतीवर आरोप नाहीं. त्याच्या हातून कांहीं वाईट झालेलें नाहीं. तो जागेपणाचा भाग म्हणून आला आणि स्वप्नांतली कृति करूं लागला, एवढाच त्याचा अपराध. आणि तिला जागें होण्याचा मार्ग उरला नाहीं.

अगदीं शेवटीं तोच पुरुष रस्त्यानें येतो, वाटेंतलें फूल उचलतो, दार उघडतो. खुर्चींत स्त्री मरून पडलेली आहे; अंगावर समुद्रांतलें शेवाळ आणि फुटक्या कांचा.

तर मग हा पट आत्महत्येचा आहे काय? पुष्कळांनीं तसेंच ठरविलें. एक वेडावलेली स्त्री, दुसरें काय, असेंहि म्हटलें गेलें. मला हा निकाल फार लवकर दिलेला वाटतो. दारांतून आलेल्या त्या पुरुषाची अडचण पाहा. त्याच्यापुढें खुर्ची आहे, कांचा आहेत, प्रेत आहे. आपल्याला दिसलेलीं चौदा मिनिटें त्याला दिसलेलीं नाहींत. त्यानें ‘वेड’ म्हटलें तर तें समजण्यासारखें आहे. आपण म्हटलें तर आपण पाहून न पाहिल्यासारखें होईल. आणि शेवाळ येथें आलें कसें? समुद्र तर स्वप्नांत होता. म्हणजे स्वप्न खरें होतें, त्याचा पुरावा तिच्या अंगावर आहे, आणि तो वाचणारें घरांत कोणी नाहीं.

आपल्याकडील भरल्या घरांत अशी एकटी दुपार दुर्मिळ, असें कोणी म्हणेल. माणसें पुष्कळ असलीं म्हणजे एकटेपणा नसतो हें मात्र कोणत्याहि सुनेला विचारून खरें करून घ्यावें. जेवणें उरकलीं, झांकपाक झाली, वडील मंडळी वामकुक्षी करीत आहेत, आणि खिडकीशीं कोणी एक बसली आहे. ‘जरा पडली आहे’ असें आपण म्हणतों आणि पावलें न वाजवतां जातों. तिच्यापुढें तेव्हां किती जणी बसल्या असतील, त्यांच्यामध्यें मेजावर काय ठेवलेलें असेल, याची चौकशी करण्याची आपल्याकडे पद्धत नाहीं. या पटाच्या निमित्तानें एखाद्या घरांत ती झाली तर मला समाधान वाटेल. घरांतल्या मुलींना हा पट दाखवावा काय, अशी ज्यांना शंका येईल त्यांनीं तो प्रथम स्वतः पाहावा, आणि मग त्यांच्यासमवेतच पुन्हां पाहावा.

एक वाद सांगून टाकतां येईल. हॅमिड हा कसलेला छायाचित्रकार. १९३० सालींच त्यानें प्रागमध्यें ‘निरुद्देश भटकंती’ या अर्थाच्या नांवाचा एक पट केला होता, आणि त्यांतहि एक मनुष्य स्वतःलाच दुरून पाहतो. यावरून हा पट वस्तुतः नवऱ्याचाच, बायको नुसती पुढें उभी, असें म्हणणारे निघाले. कॅमेऱ्याचें कसब त्याचें यांत शंका नाहीं, आणि आरंभींच्या पाटीवर दोघांचीं नांवें आहेत. १९४७ सालीं दोघे विभक्त झाले. त्याच वर्षीं फ्रान्समधील कान येथें या पटाला पारितोषिक मिळालें. पण पुढचे सगळे पट मायेनें काढले, आणि जागा बदलणाऱ्या पावलांची ही युक्ति त्या पटांतच वाढत गेली. १९४६ सालीं तिनें न्यूयॉर्कमध्यें प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस हें छोटें नाट्यगृह भाड्यानें घेऊन आपले पट स्वतः दाखविले. असे पट कोणी दाखवीत नसे, तेव्हां दुसरा उपायच नव्हता. १९६१ सालीं, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, ती वारली. १९९० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचींत या पटाची नोंद झाली.

आज हा पट घरबसल्या पाहतां येतो. मुळांत तो संपूर्ण मुका होता. हल्लीं त्याबरोबर ऐकूं येणारें संगीत १९५९ सालीं तेइजी इतो या संगीतकारानें दिलेलें आहे. तें जपानी वळणाचें आणि प्रभावी आहे, पण प्रत्येक वेळीं आतां भ्या म्हणून सांगतें. पहिल्या खेपेस आवाज बंद करून पाहावें. सुरी निसटते तेव्हांची शांतता त्यामुळें ऐकूं येईल. आणि तो संपल्यावर जमल्यास त्याच बैठकींत तिचा १९४४ सालचा ‘ॲट लँड’ हा दुसरा पट लावावा. त्याच्या आरंभीं लाटा एका स्त्रीला किनाऱ्यावर आणून टाकतात. ती डोळे उघडते, वाळलेल्या ओंडक्यांना धरून वर चढते, आणि तिचें डोकें वर निघतें तें एका लांब जेवणाच्या मेजाच्या टोकाशीं. मेजाभोंवतीं बसलेली मंडळी गप्पा मारीत धूम्रपान करीत असतात आणि कोणीहि तिच्याकडे पाहत नाहीं. त्याविषयीं पुढील महिन्यांत.